शेवटच्या रांगेतला माणूस

मी भुताखेतांवर लिहिणारी बाई नाही. मी नांदेडला तरोडा नाक्याजवळ साड्यांना पिको-फॉल करते. शाळा दहावीला सुटली, पुढचं सगळं मोबाईलवर शिकले. पण आता जे लिहितेय त्यात पदरचं एक अक्षरही नाही.

माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी घडलं. चाकूरला. गेल्या भाद्रपदात, पितृपंधरवड्यातल्या पंचमीला.

आणि मध्यरात्री वगैरे नाही... भर दिवेलागणीला, समोरच्या रस्त्यावरून लातूरच्या एसट्या जात असताना.

ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. मीही हसलेच होते.

आधी आत्याचं सांगते. साखराबाई. माझ्या वडलांची धाकटी बहीण. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी आली ती कायमचीच. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर एक तुळस. तिनं स्वतःच्या बापाला कधी पाहिलं नाही. ती पोटात असतानाच तो, म्हणजे माझा आजा ग्यानोबा, निजामाच्या पलटणीत भरती झाला. दुसरं महायुद्ध लागलं होतं. पलटण जहाजात बसली.

त्यानंतर काही नाही.

ना माणूस, ना निरोप. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही.

आजीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, त्यामुळं आजाचं कार्यच झालं नाही. दरवर्षी पित्रात सगळ्यांची पानं वाढली जायची, त्याचं सोडून. जित्या माणसाचं पान कुणी वाढतं का?

आता आजी गेली, माझे वडील गेले. उरली आत्या. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यातच तिनं माझा हात धरला.

"तनू, तुझ्या मोबाईलात समदं आसतंय म्हणं. माझा बा बघ की कुठं हाय."

"आत्या, त्यांची शंभरी कधीच उलटली असेल गं."

"मेला ते मलाबी कळतंय. येडी हाय का मी? पर कुठं? परक्या मुलखात उपाशी उभा आसंल. 'चल घरी' म्हणून एकानंबी म्हणलं न्हाई त्याला. तेवढं म्हणते, मग जाते मी."

एवढंच तिचं मागणं. बापाला घरी बोलवायचं.

मी शिकायला बसले. मशीनवर साडी, शेजारी मोबाईल. फॉल लावता लावता मी अख्खं महायुद्ध शिकले. गिऱ्हाइकं बिचकायची. एक बाई म्हणाली, "ताई, जरा गाणी लावा हो, माझ्या शालूवर बॉम्ब पडून राहिलेत."

शिकले म्हणजे काय, डोकं फोडून घेतलं. कुठलाही व्हिडिओ उघडा, तेच रणगाडे, तोच मिशीचा ठिपका. दोन तासांच्या व्हिडिओत आपली माणसं अर्धं मिनिट, तीही पाठमोरी. युरोपातल्या कुठल्या कुठल्या पुलांची नावं मला पाठ झाली. हैदराबादच्या पलटणी मलायात उतरल्या होत्या, एवढं कळायला मात्र चार महिने लागले.

एका साइटवर आजाचं नाव टाकलं. काहीच नाही. दुसरीवर टाकलं, 'पान सापडत नाही'. तिसरी म्हणाली, आधी तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, चित्रातले सिग्नल ओळखा. ओळखले. पुन्हा ओळखा. पुन्हा ओळखले. तेवढ्यात दिवसाचा डेटा संपला. एका गटात विचारलं, तर एक साहेब उलट मलाच विचारतात, "सर्व्हिस नंबर?" अहो, नंबर असता तर तुमच्या दारात कशाला आले असते!

माझा नवरा रविकांत ताटावर बसला की विचारायचा, "आजोबा सापडले का?"

"नाही."

"मग भाजी तरी वाढ."

असं सगळं चाललं होतं. आणि श्रावणात एक फिल्म सापडली.

परदेशातल्या कुठल्यातरी संग्रहालयाची साइट. एक मिनिटाचीही नसेल ती फिल्म. काळीपांढरी, मुकी. खाली लिहिलेलं, हिंदी सैनिक, कूच, ठिकाण माहीत नाही. चिखलाच्या रस्त्यानं शिपाई चाललेत, चौघाचौघांच्या रांगा. डोक्यावर लोखंडी टोप, चेहरे सावलीत. शेवटच्या रांगेतला कडेचा माणूस पुढं जातो, थांबल्यासारखा होतो, मान वळवून आपल्याकडं बघतो. आणि फिल्म संपते.

यात आजा असेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. पण सात-आठ महिन्यांच्या खटाटोपानंतर आत्याला दाखवायला माझ्याकडं दुसरं होतं काय? हा मुलूख असा असेल, कपडे असे असतील, एवढं तरी बघेल म्हातारी. म्हणून पंचमीला एसटी पकडून चाकूरला गेले.

आत्याच्या घरात नेटवर्क येत नाही. आत एक कांडीसुद्धा नाही. ओट्यावर तुळशीपाशी उभं राहिलं तर येतं. म्हणून दिवेलागणीला आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी फिल्म लावली. आत्यानं मोबाईल ऑपरेशनच्या डोळ्याजवळ धरला.

पहिली रांग गेली. दुसरी गेली.

"आवाज बारीक कर गं," आत्या म्हणाली. "बूट लई वाजून राहिलेत."

"आत्या, ही मुकी फिल्म आहे. आवाजच नाही हिला."

"मग हे काय वाजतंय?"

मी कान दिला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग शांत.

मला काहीच ऐकू आलं नाही. मी मोबाईलचा आवाज बघितला... बंदच होता.

शेवटची रांग आली. कडेच्या माणसानं मान वळवली. आत्यानं एकदम माझं मनगट पकडलं.

"मागं घे."

मागं घेतली. तिनं पुन्हा बघितली. पुन्हा मागं घ्यायला लावली. तिचं बोट काचेवर फिरत होतं, त्या नादात फिल्मला दोनदा लाईक पडलं, एकदा निघालं.

"हाच."

"आत्या, तोंड तरी दिसतंय का त्याचं?"

"डावा खांदा बघ. पडलेला हाय का न्हाई? माय सांगायची, ल्हानपणी बैलगाडीवरनं पडला, तवाधरनं खांदा उतरलेला. हाच माझा बा."

खांदा जरा उतरलेला होता खरा. पण बंदूक त्याच खांद्यावर होती. ओझ्यानं कुणाचाही खांदा उतरेल. मी म्हणून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

"भाकरी आण," ती म्हणाली.

आमच्याकडं लांबून माणूस आला, आजारपणातून उठून आला, की त्याला उंबऱ्याबाहेरच उभं करतात. त्याच्यावरून भाकरतुकडा आणि पाणी ओवाळून लांब टाकतात. वाटेत मागं लागलेलं काही असेल तर ते तुकड्याबरोबर बाहेर राहतं. मगच माणसानं आत यायचं. आजीनं जन्मभर तिन्हीसांजेला दाराशी एक तुकडा झाकून ठेवला, आजा आला तर धावपळ नको म्हणून.

"आत्या, मोबाईलवरून ओवाळायचं?"

"मग काय टीव्हीवरनं ओवाळू? आण म्हणते ना!"

मला हसू आलं. भाकरीचा तुकडा आणला, तांब्या आणला. फिल्म पुन्हा सुरू केली. आत्या उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला. शेवटच्या रांगेतला माणूस वळला तशी मी ओवाळण्यापुरतं बोट ठेवून त्याला थांबवलं. तिनं त्याच्यावरून तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, तुकडा रस्त्याकडं भिरकावला.

गल्लीतलं लाल कुत्रं तुकड्याकडं पळत आलं. हे रोजचंच. आत्याच्या दारचा एक कण सोडत नाही ते.

त्यानं तुकडा हुंगला...

आणि शेपूट पोटात घालून मागं सरकत गेलं. केकाटलं नाही. नुसतं मागं मागं, आमच्या दाराकडं बघत.

"बा," आत्या म्हणाली, "चल घरी."

तिनं मोबाईल छातीशी धरला आणि उंबरा ओलांडला.

मी मागोमाग आत गेले. नेटवर्क गेलं असणार, फिल्म अडकली असणार, असं मनात म्हणत होते.

फिल्म चालू होती.

जिथं साधा मेसेज जात नाही, तिथं ती फिल्म न अडखळता चालली होती. तो माणूस अजून आमच्याकडंच बघत होता. मग पडदा काळा झाला. मोबाईल बंद पडला. तापला असेल म्हणून मी हात लावला...

गार होता. माठासारखा गार.

आणि मग मलाही ऐकू आलं.

खट्...

खट्...

शहाबादी फरशीवर. दारापासून आतल्या खोलीपर्यंत. सावकाश, दमलेल्या माणसासारखं. माठापाशी थांबलं. खोलीत ओल्या घोंगडीचा वास पसरला.

मी दिवा लावला. कुणी नव्हतं.

माठापुढची फरशी तेवढी ओली होती. पाऊल ठेवलं तर झिणझिण्या आल्या, इतकं गार पाणी. बाहेर भाद्रपदाचा उकाडा, अंगाला घामाच्या धारा. आणि आत ते पाणी.

आत्या खाटेवर बसली होती. रडत नव्हती. पोरीसारखी पाय हलवत होती.

"दमलाय," ती हळूच म्हणाली. "बोलू नगंस आता."

त्या रात्री ती ढाराढूर झोपली. मी नाही.

सकाळी ऊन पडल्यावर ओट्यावर गेले. मोबाईल चालू झाला. फिल्म लावली. चिखल, रांगा, टोप. सगळं तसंच.

शेवटची रांग आली...

तिघं.

मी मागं घेतली. तिघं. पुन्हा घेतली. तिघं चाललेत आणि कडेला एका माणसाएवढी जागा मोकळी. कुणी मान वळवत नाही. कुणी बघत नाही.

रविकांतला फोन केला. "श्रावणात फिल्म पाठवली होती, बघितली होतीस?"

"बघितली की."

"शेवटच्या रांगेत किती माणसं होती?"

बघितलीच नव्हती त्यानं. मग तिथंच उघडून बघितली. "तीन आहेत. का गं?"

बायकोनं पाठवलेलं नवऱ्यानं वेळेवर बघितलं असतं, तर आज मला एक साक्षीदार असता.

मी नांदेडला परत आले. आत्याला चल म्हटलं तर म्हणाली, "माझ्या बाला सोडून?"

सर्वपित्रीला पुन्हा चाकूरला गेले. बसमधून उतरले तर शेजारची लक्ष्मम्मा रस्त्यातच भेटली. देगलूरकडची बाई, आत्याला अक्का म्हणते.

"तुमच्या घरी पाव्हणा कोण आलाय ओ? तिनीसांजेला दारात उभा राहतो. 'या बसा' म्हणलं तर उत्तर न्हाई. नुसता रस्ता बघतो."

"कसा आहे दिसायला?"

"तोंड कुठं दिसतंय? डोक्यावर घमेलं घातल्यावाणी काहीतरी हाय. अक्काला विचारलं, तर म्हणती माझा बा. मी म्हणलं, अक्का, डोळ्याबरोबर डोस्क्याचंबी ऑपरेशन करून घ्या."

ती हसली. मला हसता आलं नाही.

आत्या मात्र टवटवीत. गालावर तेज. चुलीपुढं बसून दोघांच्या भाकऱ्या थापत होती. जन्मात पहिल्यांदा त्या घरात ग्यानोबाच्या नावाचं पान वाढलं गेलं. मीच ते पत्र्यावर ठेवून आले. सगळ्यांच्या पानांवर कावळे तुटून पडले. माझ्या वडलांचं पान तर क्षणात साफ. ते जिवंतपणीही असेच जेवायचे.

ग्यानोबाच्या पानाला एकही कावळा शिवला नाही.

दुपार झाली. ऊन कललं. कावळे त्या पानाभोवती लांबून फिरत, आणि उडून जात.

"शिवंल कसा?" आत्या म्हणाली. "बा तर घरातच हाय. जेवला की मघाशी."

मलाही ते पटलं. खरंच पटलं. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी लेकीला बाप मिळाला. कसा का असेना. मी भीत होते, पण तिच्याकडं बघून भीती गिळत होते.

दसऱ्याच्या आधी कामाचा ढीग होता. एका दुपारी मशीनवर बसून मी सवयीनं महायुद्ध लावलं. एक व्हिडिओ संपला, दुसरा आपोआप सुरू झाला. चिखलाचा रस्ता...

तीच फिल्म. पण लांब. पुढचं-मागचं सगळं जोडलेलं. शेवटच्या रांगेत तिघं आणि मोकळी जागा. त्यानंतर रस्ता वळला, कॅमेरा वर गेला.

समोर डोंगर. डोंगरावर बर्फ.

शिपायांच्या खांद्यावर बर्फ. टोपावर बर्फ.

इतके महिने मी मलाया शिकत होते. तिथं जंगल आहे, रबराची झाडं आहेत, जळवा आहेत. असा बर्फ तिथं नाही. खाली लिहिलं होतं, इटली. माझ्या आजाची पलटण तिकडं कधी गेलीच नव्हती.

मशीनवरचा माझा पाय थांबला.

म्हणजे तो ग्यानोबा नव्हता. कधीच नव्हता. तो दुसऱ्याच कुणाचा तरी बाप होता, दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा. थंडीत चालून चालून दमलेला, आणि एका म्हातारीनं 'चल घरी' म्हटलं म्हणून आलेला.

आणि माझा आजा... तो अजून तिथंच, मलायात. कुणी न बोलावलेला.

इतका संताप आला मला. कुणावर, ते कळेना. इतकं शिकले, तर नेमकं हेच का उशिरा शिकले? मग दुसरं शोधायला लागले, आत बोलावलेल्याला परत कसं पाठवायचं. बिर्याणीपासून बोअरवेलपर्यंत सगळ्याचे व्हिडिओ आहेत. याचा नाही.

आत्याला सांगायचं म्हणून कितीदा फोन उचलला. तिचा आवाज ऐकला की ठेवून द्यायचे.

मग गेल्या गुरुवारी संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"तनू! बा बोलाया लागला!"

माझ्या हातातली साडी गळून पडली.

"काय बोलतात?"

"तेच तर कळंना. मलायाची भाषा आसंल, न्हाई? येवढी वर्सं तिथंच काढली, मराठी इसरला आसंल. तुझ्या मोबाईलात भाषा बदलायची सोय हाय म्हणलीस ना? म्या त्याच्याम्होरं फोन धरते. तू आईक आन् मला सांग."

"आत्या, नको—"

"तू कुठून बोलतेस?" मीच मधे विचारलं. कारण ओट्याशिवाय तिचा फोन लागत नाही.

"घरातूनच की. माठापाशी हाय."

रविकांत कामावरून नुकताच आला होता. त्याचा मोबाईल घेतला, भाषांतराचं ॲप उघडलं. माझा फोन स्पीकरवर टाकला. दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी ठेवले. रविकांत हसत होता.

"बा," पलीकडून आत्याचा आवाज आला, "बोल. माझी भाची हाय. शिकलेली हाय."

आधी नुसता वारा सुटल्यासारखा आवाज. चाकूरला त्या दिवशी पान हलत नव्हतं, हे लक्ष्मम्मानं नंतर सांगितलं.

मग...

एका माणसाचा आवाज. तरुण. फार तरुण. घसा बसलेला. सावकाश काहीतरी म्हणाला, थांबला, पुन्हा तेच म्हणाला.

रविकांतचं हसणं थांबलं.

त्याच्या मोबाईलवर अक्षरं उमटली. वर भाषेचं नाव आलं, कुठल्यातरी डोंगराळ मुलखातली. मलायाची नव्हे. खाली मराठी, ते यंत्र लिहितं तसलं मोडकंतोडकं.

'माझे घर वर आहे. आई दार उघडे ठेवते. मला इथून कोण नेईल.'

"तनू? आलं का गं? काय म्हणतो माझा बा?"

रविकांत माझ्याकडं बघत होता. 

"तनू?"

चौऱ्याऐंशी वर्षं ती बापाच्या एका वाक्यासाठी थांबली होती.

"म्हणतायत..." मी म्हणाले, "लेकीच्या हातची भाकरी लई गोड लागली."

पलीकडं आत्या हसली की रडली, मला अजून सांगता येत नाही.

"आईकलं का बा? कळलं मला! समदं कळलं! अजून वाढू का?"

तिच्या मागून तो पुन्हा बोलला. या वेळी जरा जवळून, फोनपाशी येऊन. जसं काही त्याला ठाऊक होतं, इकडं कुणीतरी आहे जिला समजतंय.

मी रविकांतचा मोबाईल पालथा घातला.